पाऊस किती वाजता येतो? सोलापूर ते रत्नागिरी, उत्तरा नक्षत्रात

गुरुवार : सोलापूर, सांगोला, कोल्हापूर

उत्तरा लागलं की आमच्या जिल्ह्यात लांबचं काम सकाळीच उरकायची पद्धत आहे. दुपारी चारनंतर आभाळाचा भरवसा नसतो. म्हणून आक्काला आणि दाजींना आदल्या रात्रीच बजावून ठेवलं होतं : सहाला गाडी निघणार, चहा वाटेत. आक्काची लेक रत्नागिरीत दिलीय. द्राक्षाची फळछाटणी अंगावर यायच्या आधी चार दिवस मोकळे मिळतात, ते यंदा तिच्याकडं काढायचे ठरले. माझं आणखी एक काम होतं. कोकणातला पाऊस दिवसातल्या कोणत्या वेळी पडतो, ते मला तिथं राहून बघायचं होतं.

दाजी हसले. "पावसाला काय वेळापत्रक असतंय व्हय?"

असतंय. निदान आमच्याकडं तरी असतंय. नान्नजच्या बाजूला माझी बाग आहे, तिच्या बांधावर पर्जन्यमापक बसवलाय, आणि वहीत मी मिलिमीटरशेजारी सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळही लिहितो. सरकारी हिशेबात पाऊस म्हणजे चोवीस तासांची बेरीज. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. आपले साडेआठ म्हणजे ग्रीनिचचे तीन, आणि त्या ठोक्याला जगभर एकाच वेळी नोंदी घेतल्या जातात, म्हणून ही वेळ. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी, मग पंचनामे. या बेरजेवर सगळा कारभार चालतो. पण द्राक्षवाल्याला बेरजेपेक्षा वेळ जास्त छळते. वीस मिलिमीटर संध्याकाळी सहाला पडला तर पान रात्रभर ओलं राहतं, वर पहाटेचं दव, आणि डावणीला, म्हणजे पानावरच्या बुरशीच्या रोगाला, एवढे तास भरपूर झाले. तेच वीस मिलिमीटर पहाटे पाचला पडले आणि आठला ऊन आलं, तर दहापर्यंत पान कोरडं. साडेआठच्या नोंदीत हे दोन्ही दिवस अगदी सारखे दिसतात.

बेगमपूरला भीमा ओलांडली तेव्हा सात वाजायचे होते. नदी भरून चालली होती, पण तो आमचा पाऊस नव्हे. भीमेचं पाणी पश्चिमेच्या घाटातलं, उजनीतून सोडलेलं. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारीच्या पेरणीसाठी माणसं वाफशाची वाट बघत होती. इथवर सगळं ठरल्याप्रमाणं. सांगोल्यात आक्काच्या नणंदेचं घर लागलं आणि माझं वेळापत्रक तिथंच संपलं. "जेवल्याबिगर जायचं नाही" म्हटल्यावर गाडीची किल्ली खिशात ठेवावी लागते.

मग मी त्यांच्या डाळिंबाच्या बागेत खाट टाकून आभाळ बघत बसलो. दहापर्यंत वर काहीच नव्हतं. अकराला सुटे पांढरे ढग, सगळ्यांचा तळ एका पातळीत. साडेबारापर्यंत ते वाढले आणि विरले, परत वाढले. फोनवरचा अंदाज सांगत होता, दुपारी एकला पाऊस. एक वाजला, ऊन रखरखत होतं. हा अनुभव बऱ्याच शेतकऱ्यांना असेल, आणि त्याचं कारणही माहीत असलेलं बरं. अंदाज काढणाऱ्या बऱ्याच संगणकी मॉडेलांची चौकट इतकी मोठी असते की एकेक ढग तिच्यात मावत नाही. त्याचं काम ठोकताळ्यानं उरकावं लागतं. ऊन कडक झालं की मॉडेल लगेच पाऊस पाडून मोकळं होतं. खऱ्या ढगाला मात्र आधी जमिनीलगतची हवा तापून वर यायची वाट बघायची असते, वरची कोरडी हवा थोडी थोडी ओलावून घ्यायची असते. त्यात तीन-चार तास जातात. जमिनीवरचा पाऊस दुपार उलटून संध्याकाळकडं का झुकतो, त्याचं निम्मं उत्तर या उशिरात आहे.

दीडला निघालो. कवठेमहांकाळच्या पुढं उगवतीकडं एक ढग असा उभा राहिला होता की दाजींनी गाडी बाजूला घ्यायला लावली. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा वगैरे लोक म्हणतात, तसलं काही मी म्हणणार नाही. वर जाऊन पसरलेलं त्याचं डोकं चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर असेल, एवढं सांगतो. खाली तळाशी वीज. याच ढगांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापुरात कृत्रिम पावसाचा प्रयोग केला होता. आपण पर्जन्यछायेत, ढग येतात पण देत नाहीत, त्यांना बोलतं करायचा तो खटाटोप. साडेचारला हातकणंगल्याच्या अलीकडं गाठलंच त्यानं. वायपरला आवरेना, एवढा. पाऊण तास एका पेट्रोलपंपाच्या छताखाली काढला. आक्कानं पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली, आणि शेजारच्या ट्रकवाल्याला पण दिली.

कोल्हापूरला मुक्काम. वहीत लिहिलं : ४.३५ ते ५.२०.

शुक्रवार : आंबा घाट

सकाळी मिसळ खाऊन निघालो. मिसळीबद्दल लिहिण्यासारखं खूप आहे, पण ते कोल्हापूरकरांनीच लिहावं.

मलकापूरच्या पुढं पाऊस लागला, पण हा कालचा पाऊस नव्हे. ना गडगडाट, ना वारा, ना थेंबांचा आवाज. भुरभुर. भाताच्या खाचरांवर पांढरं धुकं बसलेलं. आंब्याला चहाच्या टपरीवर थांबलो तेव्हा मी टपरीवाल्याला विचारलं, "मामा, हा कधी सुरू झाला?" तो माझ्याकडं बघतच राहिला. बराच वेळ विचार करून म्हणाला, "गणपतीच्या आधी."

घाटमाथ्यावर पावसाला वेळ नसते, हे मी वाचलेलं होतं. पण त्या माणसाच्या चेहऱ्यावर ते जास्त स्पष्ट दिसलं. इथं ढग उन्हानं तयार होत नाहीत. अरबी समुद्रावरून येणारा ओला वारा सह्याद्रीच्या भिंतीला धडकतो आणि नाइलाजानं वर चढतो. वर गेला की थंड होतो, थंड झाला की गळतो. वारा रात्री थांबत नाही, म्हणून पाऊसही रात्री थांबत नाही. ढग उंचीनं ठेंगणे, कालच्याच्या निम्मेही नसतील, म्हणून वीज नाही. वारा जोरात असतो त्या आठवड्यात घाटावर चोवीस तासांचा आलेख जवळजवळ सपाट येतो. वारा मंदावला, ऊन पडलं, की इथंही दुपारचा पाऊस डोकं वर काढतो.

आणि ही भिंत किती पातळ! घाटमाथ्यावर वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर घेणारी गावं आहेत. कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास. मंगळवेढा-सांगोल्याला पाचशेच्या आगेमागे, तोही पडला तर. एका दिवसाच्या गाडीच्या रस्त्यात पाऊस दहा पटीनं बदलतो.

घाट उतरून साखरप्याला आलो आणि चक्क ऊन. दुपारचे दोन. घाम असा की शर्ट अंगाला चिकटला. दाजींचा हिशेब सोलापुरी : "एवढं उकडतंय म्हणजे संध्याकाळी ठेवून देतंय बघा." हातखंबा, मग रत्नागिरी. घरी पोचलो तर आक्काच्या लेकीनं अंगणात कपडे वाळत घातलेले, आणि संध्याकाळचे साडेपाच झाले तरी काढायचं नाव नाही. आक्का न राहवून म्हणाली, "अगं, काढ की, भरून येईल आता." पोरगी हसली. "इथं संध्याकाळी नाही येत गं सहसा."

व्याही ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. बोटीचा धंदा त्यांच्या वडिलांपासून. आता मुलं नोकरीला, होडी दुसऱ्याला चालवायला दिलेली. त्यांनी मान न उचलताच सांगितलं, "पहाटेस येईल हो. साडेतीन-चारला. झोपेत कळणार नाही तुम्हाला."

शनिवार : रत्नागिरी

कळलं. चार वाजून दहा मिनिटांनी कौलांवर पहिली सर आली. मी उठून पडवीत गेलो तर व्याही आधीच तिथं, कानाला मफलर बांधून, विडी ओढत. पश्चिमेकडं बोट करून म्हणाले, "बघा, बाहेर."

बाहेर म्हणजे समुद्रात. क्षितिजावर अधूनमधून उजेड होत होता, आवाज काहीच नाही. आमच्याकडं या वेळी आभाळ निपचित असतं. कालचे ढग वितळलेले, चांदण्या निघालेल्या. इथं पहाटे चारला समुद्रावर आमच्या संध्याकाळची लगबग चालली होती. सरीमागून सर, साडेसातपर्यंत. मग पागोळ्या थांबल्या, आठला ऊन. साडेआठला पोरीनं परत कपडे वाळत घातले.

जावईबापू कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतात. चहाच्या वेळी मी त्यांना धरलं, आणि पुढचे दोन तास आक्का "पोराला सुट्टी आहे आज, जाऊ दे त्याला" म्हणत राहिली.

सुरुवात खाऱ्या आणि मतलई वाऱ्यांपासून. शाळेत सगळेच शिकलो : दिवसा समुद्रावरून जमिनीकडं खारे, रात्री जमिनीवरून समुद्राकडं मतलई. जमीन म्हणजे चुलीवरचा तवा, समुद्र म्हणजे हंड्यातलं पाणी. तवा पटकन तापतो आणि पटकन निवतो. भर समुद्रात पाण्याच्या पृष्ठभागाचं तापमान दिवसरात्रीत बहुधा अंशभरही हलत नाही. दिवसा खारे वारे आत शिरतात, घाटाच्या पायथ्याशी हवा वर उचलली जाते, म्हणून दुपारचा पाऊस आतल्या बाजूला. रात्री जमिनीवरची थंड, जड हवा समुद्राकडं सरकते आणि समुद्रावरच्या ओल्या हवेच्या खाली पाचरीसारखी घुसते. ओली हवा वर. ढग किनाऱ्याच्या बाहेर.

"पण मामा," जावई म्हणाले, "भर पावसाळ्यात असा मतलई वारा वाहतच नाही. जून-जुलैत मावळतीचा वारा इतका जोरात असतो की तो उलटा फिरत नाही. किनाऱ्यापाशी तो फक्त अडखळतो. मागून येणारी हवा पुढच्या हवेवर चढते, आणि तेवढं पुरतं."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला नवीन होतं. थंड हवेची पाचर हळू चालते, ताशी वीस किलोमीटरच्या आसपास. पण किनाऱ्याजवळचा रात्रीचा पाऊस कधी कधी शेकडो किलोमीटर समुद्रात पोचतो, तेवढं तिच्यानं होणार नाही. ते काम लाटांचं. पाण्यातल्या लाटा नव्हेत, हवेतल्या. दिवसभर तापलेल्या जमिनीवर हवेचा जाड थर फुगतो आणि संध्याकाळी बसतो. त्या फुगण्या-बसण्याचा धक्का वातावरणातून बाहेर पसरत जातो, सेकंदाला पंधरा-वीस मीटर, म्हणजे ताशी पंचावन्न ते सत्तर किलोमीटर. तो धक्का जिथून जातो तिथली एक-दोन किलोमीटर उंचीवरची हवा किंचित वर उचलली जाते, किंचित थंड होते, आणि ढगाला वर जायची वाट मोकळी होते. स्वतः पाऊस पाडत नाही तो, ढगाच्या वाटेतला अडसर काढतो. सूर्यास्ताला निघालेला असा धक्का पहाटेपर्यंत पाच-सहाशे किलोमीटर जाऊ शकतो.

आणि भर समुद्रात, जिथं जमिनीचा काही संबंधच नाही? तिथंही पाऊस रात्री आणि पहाटे थोडा जास्त असतो. दिवसा ढगांचे माथे ऊन शोषून गरम होतात, त्यामुळं वरची हवा स्थिर राहते. रात्री तेच माथे अवकाशात उष्णता फेकून थंड होतात. वर थंड, खाली कोमट समुद्र, आणि हवा उलथायला लागते. पण किनाऱ्याजवळ दिसतो तेवढा ठळक फरक भर समुद्रात नसतो.

दुपारी भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. पाऊस नव्हता, वारा होता, गर्दी होती, त्याबद्दल एवढंच. परतताना मिऱ्याच्या बाजूला होड्यांवर काम करणाऱ्या मंडळींशी गप्पा झाल्या. एकजण ठामपणे म्हणाला, पाऊस भरतीबरोबर येतो. पाणी चढलं की सर, ओहोटीला उघडीप. किनाऱ्यावर ही समजूत बऱ्याच ठिकाणी ऐकू येते, आणि समुद्रावर पोट असलेल्या माणसाला मी काही शिकवावं अशी माझी लायकी नाही. पण भरती रोज पाऊण-एक तासानं पुढं सरकते. आज पहाटे चारला असलेली भरती आठवड्यानं सकाळी नऊ-दहाला येणार. पहाटेचा पाऊस मात्र आठवडाभर पहाटेलाच. हे मी बोललो नाही. व्याह्यांनीच त्याला विचारलं, "आणि परवा ओहोटीला कसा आला रे मग?" तो म्हणाला, "तो वेगळा." सगळे हसले, तोही हसला.

रविवार : थिबा राजवाडा, आणि लांबचे किनारे

पहाटेचा पाऊस : ५.०५ ते ६.२०. कालच्यापेक्षा कमी.

सकाळी थिबा राजवाडा बघितला. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा, १८८५ ला इंग्रजांनी पदच्युत करून आधी मद्रासला आणि मग रत्नागिरीत आणून ठेवला. हा वाडा १९१० चा. त्यानंतर सहा वर्षांत तो इथंच गेला. मी त्या लाकडी खिडक्यांतून खाली समुद्र बघत होतो आणि एक गोष्ट डोक्यात घोळत होती. ब्रह्मदेशातला आराकानचा किनारा आणि हा कोकणचा किनारा यांची मांडणी जवळजवळ एक आहे : पश्चिमेला समुद्र, पूर्वेला डोंगरांची उभी रांग, आणि पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा सरळ अंगावर. पाऊसही दोन्हीकडं तसाच बेसुमार. राजा मात्र मंडालेचा, आतल्या कोरड्या पट्ट्यातला; हा पाऊस त्याला नवाच वाटला असेल.

दुपारी जेवताना जावयाच्या धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. तो व्यापारी जहाजावर आहे, जहाज सिंगापूरला लागलेलं. मी पावसाचं वेड घेऊन आलोय हे घरात सगळ्यांनी त्याला आधीच सांगितलं होतं. तो म्हणाला, "मामा, इथं पहाटे 'सुमात्रा' येते." सुमात्रा बेटाच्या आणि मलायाच्या मधल्या मलाक्काच्या सामुद्रधुनीत रात्री ढगांची लांब रांग तयार होते. दोन्ही बाजूंच्या जमिनींवरचे मतलई वारे मधल्या पाण्यावर एकमेकांना भिडतात. ती रांग पूर्वेकडं सरकत पहाटे किंवा सकाळी सिंगापूरवर आदळते, जोराचा वारा आणि तासभर मुसळधार. एप्रिल ते नोव्हेंबर हा तिचा हंगाम. तिथले खलाशी तिला बेटाच्या नावानंच ओळखतात.

सुमात्राच्या दुसऱ्या अंगाला, हिंदी महासागराच्या बाजूला, याचाच उलटा आरसा. तिथं किनाऱ्याला समांतर डोंगररांग आहे. दुपारी डोंगरावर पाऊस, संध्याकाळी उतारावर, मध्यरात्री किनाऱ्यावर, पहाटे भर समुद्रात. कोलंबियाच्या प्रशांत महासागराच्या बाजूला असाच पाऊस रात्री किनाऱ्यावरून बाहेर चालत जातो. आपल्या बंगालच्या उपसागरातही आंध्र-ओडिशाच्या बाजूनं निघालेला पावसाचा पट्टा रात्रभर चालून दुसऱ्या दिवशी उपसागराच्या मध्याकडं पोचतो.

बेट लहान असलं की गंमत वेगळी. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला डार्विनजवळ टिवी बेटं आहेत. तिथं पावसाळा लागण्याच्या सुमारास चहूबाजूंनी खारे वारे आत येऊन बेटाच्या मधोमध भिडतात, आणि दुपारी तीनच्या आसपास जवळजवळ रोज एक प्रचंड ढग उभा राहतो. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांना तो दिशा ओळखायला इतका उपयोगी पडायचा की त्यांनी त्याचं नाव ठेवलं, हेक्टर. ठरल्या वेळी ठरल्या जागी येणाऱ्या पावसाला माणसं नाव देतात. आमच्या पाचच्या पावसाला सोलापुरात अजून कुणी नाव दिलेलं नाही, याचं मला जरा वाईट वाटलं.

चेन्नईकडं परत निराळं. नैर्ऋत्य मोसमीत तिथं पाऊस संध्याकाळी-रात्री, गडगडाटासह. ऑक्टोबरनंतर वारा ईशान्येचा झाला की किनाऱ्यावरचा जोर रात्री आणि पहाटे. शहर तेच, वारा फिरला आणि पावसाचं घड्याळही फिरलं. चेरापुंजीत समुद्र जवळ नाही, तरी पाऊस मुख्यतः रात्रीचा.

हे सगळं जगाच्या नकाशावर कळलं ते फार जुनं नाही. बरेच हवामान उपग्रह एखाद्या गावावरून रोज ठरलेल्या घड्याळी वेळेलाच जातात. त्यांना सकाळ दिसते ती सकाळच दिसत राहते. अमेरिका आणि जपाननं नोव्हेंबर १९९७ मध्ये सोडलेला 'ट्रिम' उपग्रह तसा नव्हता. त्याची कक्षा विषुववृत्ताशी ३५ अंशांनी तिरकी ठेवली होती, त्यामुळं एकाच जागेवर तो कधी सकाळी, कधी मध्यरात्री, कधी भर दुपारी यायचा, आणि त्याच्यावर पाऊस मोजणारं रडार होतं. २०१५ पर्यंतच्या त्याच्या नोंदी तासातासाच्या खान्यांत टाकल्या तेव्हा किनाऱ्यांच्या कडेनं पावसाचं हे येणंजाणं नकाशावर उमटलं. जीपीएम हा त्याचा वारस २०१४ पासून वर आहे. मला यात सगळ्यात आवडलं ते हे की समुद्रावर गावोगाव असतात तसे पर्जन्यमापक ठेवता येत नाहीत; पहाटे चारला बाहेर पाऊस पडतो हे विडी ओढत पडवीत बसणाऱ्यांना मात्र आधीपासून ठाऊक होतं.

आणि मग संध्याकाळी सगळं विस्कटलं. चारला पूर्वेकडं, घाटाच्या बाजूला, आभाळ काळं झालं. सहाला गडगडायला लागलं, सात वाजून वीस मिनिटांनी रत्नागिरीत धो धो. उगवतीकडून आला, थेट आमच्यासारखा. पोरगी ओरडत कपडे काढायला धावली, आक्का तिच्या मागं, आणि आक्काच्या चेहऱ्यावरचं समाधान लपत नव्हतं.

व्याही म्हणाले, "परतीचा."

सप्टेंबर संपत आला की मावळतीचा वारा ढिला पडतो आणि वरच्या थरात उगवतीचा वारा सुरू होतो. दुपारी घाटावर उभे राहिलेले ढग मग देशावर न येता कोकणात उतरतात, आणि किनाऱ्यावर संध्याकाळीच पोचतात. घड्याळ जमिनीचं असलं तरी ढगाला कुणीकडं न्यायचं ते वारा ठरवतो. दाजींनी लगेच २६ जुलै २००५ काढला. मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला फक्त ७३. आणि पडायला लागला तो दुपारी अडीचनंतर, पहाटेचा नव्हेच. हे बरोबर आहे. पहाटेचा नियम हा वर्षानुवर्षांच्या सरासरीचा नियम. एखादा भयंकर दिवस त्या सरासरीला विचारून येत नाही.

सोमवार : परत

पहाटे कोरडी. रात्रीच्या पावसानं हवा थंड करून टाकलेली, बाहेरही उजेड नव्हता.

आक्कानं नारळ आणि कोकमं एवढी बांधून घेतली की डिकी लागेना. निघताना व्याह्यांना मी वहीचं एक कोरं पान फाडून दिलं : तारीख, सुरू, थांबला. ते म्हणाले, "मिलिमीटर नको?" म्हटलं, मिलिमीटर वेधशाळा देते, तुम्ही वेळ द्या. आंब्याला टपरीवाला तोच, भुरभुर तीच. मिरजेत जेवलो. सांगोल्यात आक्काच्या नणंदेला फोन न करता निघून आलो, हे कृपा करून कुणी तिला सांगू नये.

मंगळवेढ्याच्या पुढं साडेसहाला पाऊस लागला. सोलापूर नऊला.

दुसऱ्या दिवशी साडेआठला बागेत गेलो. पर्जन्यमापकात १४ मिलिमीटर. गड्याला विचारलं, सुरू कधी झाला, तर म्हणाला सहाच्या पुढं, आणि आठपर्यंत रिपरिप होती. शेजारच्यांनी छाटणी लवकर उरकलीय, बाग पोंग्यात आहे, म्हणजे डोळे फुटून कोवळी फूट निघतेय. ते बांधावर येऊन विचारत होते, १४ मिलिमीटरलाच फवारणी घ्यायची का, एवढ्याशा पावसाला औषध वाया कशाला. त्यांना हाताला धरून आत नेलं आणि कोवळी फूट दाखवली, साडेआठलाही ओली होती. बारा तासांच्या वर झाले होते. त्यांनी तिथूनच ट्रॅक्टरवाल्याला हाक मारली.

फोनवर व्याह्यांचा निरोप आला होता : सुरू ३.५०, थांबला ५.१५, बाहेर अजून चमकतंय.